दहाच्या आत

पहिल्या दिवशी मी पांपोरला पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. श्रीनगरहून जेमतेम तेरा-चौदा किलोमीटर, शेतं हमरस्त्याला लागूनच. मग घाई कशाला, म्हणून आधी नाश्ता, त्यावर कहवा, त्यावर आणखी एक कहवा असं करत निघालो होतो. गाडीतून उतरून पाहिलं तर समोर तपकिरी, भुसभुशीत, उघडी जमीन. मसाल्याच्या डबीवर छापतात तसला जांभळा गालिचा कुठेच नाही. लांबवर पाच-सहा माणसं काखेत टोपल्या घेऊन घराकडे निघालेली. मला वाटलं, जागा चुकली. फेरन, म्हणजे काश्मिरी झगा, घातलेले एक वयस्कर शेतकरी जवळून चालले होते, त्यांना विचारलं, "चाचा, केसर के खेत किधर हैं?" त्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मी शेतातच उभा होतो. तेही वाफ्याच्या काठावर, जिथं पाय ठेवायचा नसतो नेमका तिथं. आणि फुलं? ती त्यांच्या टोपलीत होती.

केशराच्या शेताचा फोटो काढण्यातली मेख इथं आहे. ऊस, मोहरी, सूर्यफूल ही पिकं दिवसभर आपल्या जागी उभी असतात. सकाळी ढग आले तर संध्याकाळी जा, आज जमलं नाही तर उद्या जा. केशराचं पीक म्हणजे फूलच, आणि ते रोज सकाळी खुडून घरी जातं. पहाटे मातीतून कळ्या डोकं वर काढतात, ऊन लागलं की उमलतात, आणि पूर्ण उमलायच्या आत खुडलेल्या बऱ्या, असा शेतकऱ्याचा हिशेब असतो. उन्हात, वाऱ्यात, पावसात उघडं राहिलेलं फूल म्हणजे आतल्या मालाची नासाडी. तेव्हा शेत फुललेलं दिसतं ते उजाडल्यापासून खुडणारे हात त्या वाफ्यापाशी पोचेपर्यंतच. हंगामही तीनेक आठवड्यांचा, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पूर्वार्धापर्यंत. त्यातले भर बहराचे दिवस मोजकेच, आणि ते कुठले हे पाऊस आणि थंडी ठरवते. आपल्याकडे कोजागरीच्या दुधात केशर पडतं त्याच सुमारास तिकडे शेतं फुलायला लागतात. अर्थात दुधातलं केशर गेल्या सालचं असतं.

मी कुठं निघालोय हे ऐकल्यावर घरी मावशी म्हणाली होती, "भगवी भगवी शेतं असतील नाही?" बिचारीचं काही चुकलं नाही. ज्या फुलानं आपल्याला केशरी हा शब्द दिला, ते फूल स्वतः जांभळं असतं. केसर म्हणजे मुळात तंतू, केस. सिंहाच्या आयाळीलाही केसर म्हणतात, म्हणून तो केसरी. शाळेत आपण पुंकेसर आणि स्त्रीकेसर पाठ केले होते ते याच घरातले. आणि डबीतलं केशर म्हणजे अक्षरशः स्त्रीकेसराचा शेंडा, ज्याला वनस्पतिशास्त्रात कुक्षी म्हणतात. संस्कृतात त्याला कुंकुम आणि काश्मीरजही म्हटलंय. आपल्या कुंकवानं नाव तिथून घेतलं आणि अंग हळदीचं. काश्मिरीत केशराला कोंग म्हणतात, तो शब्दही त्याच कुळातला. फूल म्हणजे कोंगपोश.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला हजर झालो. ऑक्टोबर संपत आलेला. त्या दिवसांत तिथं सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, आणि पूर्वेला डोंगर असल्यामुळे शेतावर ऊन यायला आणखी वेळ लागतो. थंडी चार-पाच अंशांची. गार पडलेली लेन्स मी फेरनमध्ये निखाऱ्यांची कांगडी धरावी तशी जॅकेटमध्ये धरली, तर अंगाच्या उबेनं तिच्यावर धुकं धरलं आणि पुढची वीस मिनिटं मी ते पुसत बसलो. (हे उलट करायला हवं होतं. कॅमेरा बाहेर थंडच राहू द्यायचा, आणि उबेत नेताना पिशवीत बंद ठेवून हळूहळू गरम होऊ द्यायचा. बॅटऱ्या मात्र अंगाशीच ठेवायच्या, गारठ्यात त्या लवकर बसतात.) चाचा भेटले. आज त्यांनी मला चर दाखवला. केशराची जमीन उंचवट्याच्या पठारावर असते, तिकडे त्याला वुडर म्हणतात. प्राचीन सरोवराच्या तळाशी साचलेल्या गाळाची ही माती. पाणी तुंबलं की कंद कुजतो, म्हणून वाफे उंच करून बाजूनं चर काढलेले असतात. माणसानं चालायचं ते चरातून. फोटो काढणाऱ्यानंही.

गालिच्याचं गुपित मला त्या चरात आडवं पडल्यावर कळलं. उभं राहून खाली पाहिलं तर दहा हिस्से माती आणि एक हिस्सा फूल. फुलं वीतभरही उंच नसतात, आणि दोन फुलांच्या मध्ये बोट-दोन बोटं, कधी हातभर मोकळी जमीन. पण पोटावर पालथं पडून कॅमेरा मातीला टेकवला, की पुढची फुलं मागच्या फुलांमधल्या फटी झाकतात. जितका कोन तिरपा तितकी माती कमी. लांब पल्ल्याची, म्हणजे १३५ ते २०० मिलिमीटरची लेन्स लावून शेताच्या त्या टोकाकडे रोखली, की कॅलेंडरवरचा गालिचा तयार. त्यात खोटं काही नाही. शेतातल्या मुंगीला ते तसंच दिसत असणार. पण केवळ तेवढाच फोटो दाखवला तर बघणाऱ्याला हे पीक भरघोस वाटतं, आणि ते तर अगदी उलट आहे. सुमारे दीडशे फुलं खुडली की त्यातून एक ग्रॅम सुकं केशर हाती लागतं. किलोला दीड लाखाच्या वर फुलं. म्हणून मी आता प्रत्येक शेताचे दोन फोटो काढतो, एक आडवं पडून आणि एक उभं राहून. संपादकांना नेहमी पहिलाच हवा असतो. ड्रोनची हौस असलेल्यांना सांगायचं तर एक, काश्मीर खोऱ्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवणं अंगाशी येईल, आणि दोन, वरून दिसणार ती मातीच.

जवळून फूल टिपायचं तर आधी ते ओळखायला हवं. सहा पाकळ्या, दोन थरांत तीन-तीन. मधे तीन पिवळे पुंकेसर, आणि त्यांच्यातून बाहेर झुकलेली, कधी पाकळ्यांच्या कडेवरून लोंबणारी तीन लालभडक टोकं. हा तीनचा आकडा लक्षात ठेवावा. कोल्चिकम नावाचं एक फूल शरद ऋतूतच फुलतं, असंच जांभळट, असंच जमिनीलगत. ते विषारी असतं, आणि त्याला सहा पुंकेसर असतात. शिवाय केशर ज्या घराण्यातलं, त्या क्रोकसच्या बागेतल्या कित्येक जाती वसंतात फुलतात. मार्च महिन्यात काढलेला 'केशराचा मळा' कुणी दाखवला तर खुशाल समजावं, की फूल केशराच्या चुलत घराण्यातलं आहे.

भिंग लावून लाल टोकाकडे पाहिलं तर ते खाली सुतासारखं बारीक आणि वर जाताना रुंद होत तुतारीसारखं उघडलेलं दिसतं, कडेला झालर. आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडच्या करडईच्या फुलातल्या पाकळ्या केशर म्हणून खपवतात, त्यांना ही तुतारी नसते. करडईची बारीक नळी शेंड्याला पाच चिरोट्यांत फाटलेली असते. सुक्या केशराची काडी पाण्यात भिजवून मॅक्रो लेन्सनं पाहिली की दुकानदाराशी वाद घालायला आणखी काही लागत नाही.

मॅक्रोचं गणित मात्र निष्ठूर आहे. ते लाल टोक अडीच ते तीन सेंटिमीटर लांब. फूल सेन्सरवर जेवढ्यास तेवढं आणलं आणि अ‍ॅपर्चर एफ ८ ठेवलं, तर खोलीला फोकस मिळतो एक मिलिमीटर. आकार निम्म्यावर आणला तर जवळपास तीन मिलिमीटर. म्हणजे तीनपैकी एका टोकाचा शेंडा स्पष्ट आणि बाकी सगळं गुलाल. उपाय दोन. एक तर थोडा थोडा फोकस सरकवत वीस-पंचवीस फोटो घ्यायचे आणि ते संगणकावर एकावर एक रचायचे. यासाठी फूल पूर्ण स्तब्ध हवं, आणि सात वाजल्यानंतर ते कधीच स्तब्ध नसतं, देठ नाजूक असतो आणि वाऱ्याची झुळूक पुरते. किंवा मग फुलाच्या बाजूनं असं पडायचं की तिन्ही टोकांपैकी दोन तरी सेन्सरला समांतर येतील. मी दुसरा मार्ग धरतो. कोपरं सोलवटतात, पण फोटोत हवा राहते. ट्रायपॉड इथं निरुपयोगी. तो जिथवर खाली बसतो त्याच्याही खाली फूल असतं. तांदळाची अर्धी भरलेली कापडी पिशवी मातीवर ठेवून त्यात कॅमेरा रुतवला की काम भागतं.

आणि रंग! माझ्या पहिल्या दिवसाच्या, म्हणजे खरं तर दुसऱ्या दिवसाच्या फोटोंत तेच फूल पावणेसातला निळं होतं, सव्वासातला गुलाबी, आठला जांभळं. कॅमेरा बिघडला नव्हता. पिवळं फूल कुठल्याही प्रकाशात साधारण पिवळंच राहतं, पण हे फूल निळा आणि लाल दोन्ही परतवतं. उन्हं येण्याआधीच्या सावलीतला प्रकाश निळसर असतो, तेव्हा निळ्याची बाजू वरचढ होते. पहिलं कोवळं ऊन तांबूस, तेव्हा लालाची. त्यात कॅमेऱ्याचा आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स भोवतालच्या तपकिरी मातीवरून अंदाज बांधतो आणि आणखी गोंधळ करतो. राखाडी कार्डाचा एक फोटो दर अर्ध्या तासानं घेऊन ठेवावा आणि फाइल रॉच ठेवावी. फिल्मच्या काळात याहून वाईट अवस्था होती. काही निळी फुलं फिल्मवर चक्क गुलाबी उमटायची, कारण डोळ्याला न दिसणारा लालाच्या पलीकडचा प्रकाश ती परतवतात आणि फिल्मला तो दिसायचा. अजेरॅटमच्या फुलावरून फोटोवाल्यांनी त्या घोटाळ्याला नावही दिलं होतं.

लाल टोकांचं दुखणं वेगळंच. त्यांचा लाल इतका कडक असतो की बाकीचा फोटो व्यवस्थित उजळ असताना तेवढा लालच ओसंडून जातो आणि मग तुतारीची झालर, त्यावरच्या रेषा, सगळं एकाच रंगाचा ठिपका होऊन बसतं. नेहमीचा हिस्टोग्राम हे सांगत नाही. तीन रंगांचे वेगळे हिस्टोग्राम लावून त्यातला लाल पाहायचा आणि फोटो थोडा अंधारा घ्यायचा. नंतर संगणकावर उजळवता येतो. पाकळ्यांसाठी मात्र ऊन समोरून हवं. आठच्या सुमारास सूर्य फुलामागे ठेवला की पाकळ्यांतल्या गडद शिरा कंदिलाच्या कागदासारख्या पेटतात.

पण पाकळ्या पेटण्यासाठी फूल उमललेलं पाहिजे, आणि चाचांना ते मिटलेलं पाहिजे. शेतात खुडणं चालू असताना हे भांडण न बोलता चालू राहतं. एका वाफ्यात मला मनासारखं फूल सापडलं, अर्धवट उघडलेलं, एका पाकळीवर दव. मी वाट बघत पडलो. मागून चाचांची सून आणि नातू खुडत येत होते, दोन बोटांत देठ धरून हलकेच पिरगाळायचा, की फूल टोपलीत. खुडणारा माणूस अख्खी सकाळ कमरेत वाकलेला असतो. मी हात वर करून म्हटलं, "बस, दस मिनट." नातू थांबला. चाचा म्हणाले, "खुलने के बाद क्या तोड़ना?" आणि तरीही त्यांनी ते एक फूल माझ्यासाठी सोडलं. दहा मिनिटांची वीस झाली. फोटो बरा आला. त्यानंतर मी कुणाला थांबवलं नाही, खुडणाऱ्यांच्या पुढं दोन वाफे राहायचं असं ठरवून टाकलं. खुडलेलं फूल परत मातीत खोचून फोटो काढणारेही पाहिलेत. त्याचा पांढरा देठ एका बाजूला कलतो आणि चोरी उघडी पडते.

खरं तर उमललेल्या एकट्या फुलापेक्षा खुडण्याचं काम हाच या पिकाचा जुना विषय आहे. ग्रीसच्या सान्तोरिनी बेटावर आक्रोतिरी इथं ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं नगर सापडलं. त्यातल्या एका घराच्या भिंतीवर मुली आणि बायका केशर वेचताहेत, टोपल्यांतून वाहून नेताहेत. चित्र साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. डोंगरउतारावर विखुरलेली झुडपं आणि त्यांतून डोकावणारी लाल टोकं चित्रकारानं न चुकता रंगवलीत. क्रीटमधल्या क्नोसोसच्या राजवाड्यातही केशर वेचणाऱ्याचं एक मोडकंतोडकं भित्तिचित्र मिळालं. तिथलं उत्खनन करणाऱ्या आर्थर इव्हान्सच्या काळात ते जोडताना तो निळा मुलगा आहे असं धरून रंगवलं गेलं. पुढं लक्षात आलं, की मुलगा नव्हे, ते निळं माकड आहे. त्याला शेपूट होतं. केशराच्या शेतात रंग फसवतो, हे एकट्या माझ्या कॅमेऱ्याचं रडगाणं नाही म्हणायचं.

शास्त्रज्ञांच्या मते आपल्या केशराचा रानटी पूर्वजही ग्रीसमधलाच. रानात मात्र हे केशर कुठंच उगवत नाही. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. मधमाश्या येतात, परागाचा पिवळा भुगा अंगाला माखून घेतात, फुलाच्या पदरात काही पडत नाही. एका कंदाला पिल्लं फुटतात, ती माणसानं उकरून जुलै-ऑगस्टच्या सुमारास दुसरीकडे लावायची, एवढाच त्याचा वंशविस्तार. तेव्हा फोटोच्या चौकटीत हजार फुलं दिसली तरी ती जवळजवळ एकाच झाडाच्या प्रती असतात. पुण्यात मालवाहू कंटेनरमध्ये थंडी आणि आर्द्रता राखून याच कंदांना फुलं आणलीत. तिथं दिव्यांचा गुलाबी उजेड काय रंग दाखवील याची मला धास्ती वाटते.

दुपारी चाचांच्या घरी गेलो. या पिकाचे अर्धे फोटो शेताबाहेर आहेत. खिडकीखाली सतरंजीवर फुलांचा ढीग, भोवती घरातली सगळी माणसं. डाव्या हातात फूल, उजव्यानं तीन टोकं एका झटक्यात वेगळी, पाकळ्या एका बाजूला. नुसती लाल टोकं वेगळी काढली तर तो मोंगरा, खालचा पिवळसर दोरा राहू दिला तर लच्छा. मोंगऱ्याचा भाव जास्त. ताज्या टोकांना डबीतला तो ओळखीचा वास अजून नसतो, तो सुकताना येतो. फुलांच्या ढिगाचा वास मात्र उग्र असतो. पांपोरला आलेल्या जहांगीर बादशहाच्या लवाजम्याचं या वासानं डोकं दुखलं होतं, आणि तसं त्यानं आपल्या आठवणींत नमूद करून ठेवलंय. खिडकीचा एकतर्फी प्रकाश, जांभळा ढीग, आणि घरातल्या म्हातारीची पिवळी झालेली बोटं. मी नुसत्या बोटांचे चाळीस फोटो काढले असतील. चेहऱ्यांचे विचारून काढले, दोघींनी नको म्हटलं, तिथं विषय संपला.

शेतातून परत येताना चौकटीत नको त्या गोष्टी शिरतात. विजेचे खांब, नव्या घरांच्या विटांच्या भिंती, हमरस्त्यावरची सुक्यामेव्याची दुकानं, पलीकडे ख्रूच्या बाजूला सिमेंटच्या कारखान्यांचा धुरळा. आधी मी हे सगळं कापायचो, पण तेही या पिकाच्याच गोष्टीतलं आहे. १९९६-९७ साली काश्मीरमध्ये सुमारे ५,७०० हेक्टरवर केशर होतं, आता ते ३,७०० च्या आसपास आहे. पाऊस बेभरवशाचा झाला, कंद कुजले, जमिनीला घरांचा आणि सफरचंदाचा भाव आला. सरकारनं २०१० मध्ये राष्ट्रीय केशर अभियान काढलं, तुषार सिंचनाच्या नळ्या टाकल्या. २०२० मध्ये काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकन मिळालं. नळ्यांचे तुकडेही फोटोत येतात. येऊ देतो. खांबाशिवायचं पांपोर मला आता कॅलेंडरवालं वाटतं.

शेवटच्या सकाळी चाचांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवले. माझ्या मते सर्वांत चांगला होता तो, समोरून ऊन, पाकळ्या पेटलेल्या, मागं डोंगर. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मी कौतुकाची वाट बघत होतो. त्यांनी उजव्या कोपऱ्यावर नखानं टकटक केलं, हा भाग मोठा करा म्हणाले. केला. तिथं वाफ्यात एक काळा खड्डा होता, मला सावली वाटलेली. भोवती माती उकरलेली, कंदाची तपकिरी सालं विखुरलेली.

"साळिंदर," असं त्यांनी त्यांच्या शब्दात सांगितलं आणि पाठीवर काटे उभे राहिल्याची खूण केली. रात्री येऊन कंद खातात. एक कंद गेला म्हणजे त्याची पुढच्या कैक वर्षांची पिल्लं गेली. मग विचारलं, फोटो किती वाजताचा? मी पडद्यावरची वेळ वाचून दाखवली, ७ वाजून ५२ मिनिटं. कुठल्या वाफ्यातला? ते मला आठवेना. चाचांनी मागचा डोंगर आणि फोटोतला खांब यांच्यावरून रेघ धरली, टोपली सुनेकडे दिली आणि चर ओलांडत, वाफे मोजत निघाले.